गरोदरपणात बीपी वाढलं की सगळे म्हणतात टेन्शन घेऊ नको, पण म्हणजे नक्की करायचं काय?

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान म्हणतात त्याला, २०१६ पासून चालू आहे. आमच्या दापोली-गुहागर पट्ट्यात त्या दिवशी सकाळच्या एसटीने बायका येतात, वजन होतं, रक्त-लघवी होते, बीपी होतं आणि काहीजणींच्या कार्डावर बीपीच्या आकड्याला लाल गोल पडतो. मग तिथपासून घरापर्यंत जो भेटेल तो एकच सांगतो, टेन्शन घेऊ नको गो. मुंबईहून नवरा फोनवर तेच सांगतो, सासूबाई तेच सांगतात, शेजारची काकू तेच सांगते. आणि मोबाइल उघडला की रील समोर हजर, रोज पाच मिनिटं हा प्राणायाम करा, बीपीची गोळी सुटेल.

मी गरोदर बायकांना श्वासाचे आणि रिलॅक्सेशनचे प्रकार शिकवते, त्यामुळे हे प्रश्न रोजचेच. गोळी टाळता येईल का? नाही. मग याने काही होतं तरी का? होतं, थोडं होतं, पण जे होतं ते कामाचं आहे. हे दोन्ही नीट समजून घेतलं की रीलला फसायला होत नाही आणि उगाच सगळं सोडूनही द्यावं लागत नाही.

आधी बीपी म्हणजे काय ते बघू

वाडीला शिंपणं करताना विहिरीवरचा पंप पाणी ढकलतो आणि पाइपातून ते पोफळींपर्यंत जातं. पंप जोरात चालला किंवा पाइप कुणी मुठीत आवळला की आतला दाब वाढतो. हृदय म्हणजे तो पंप आणि रक्तवाहिन्या म्हणजे पाइप. बीपीचा वरचा आकडा हृदय रक्त ढकलतं त्या वेळचा आणि खालचा आकडा दोन ठोक्यांच्या मधला.

गरोदरपणात अंगातलं रक्त जवळपास दीडपट होतं, तरी मधल्या महिन्यांत बीपी उलट थोडं उतरतं, कारण रक्तवाहिन्या सैल पडतात. म्हणून या काळात बीपी वर जायला लागलं तर डॉक्टर लगेच लक्ष देतात. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला, आणि निदान चार तासांच्या अंतराने परत मोजल्यावरही तेवढाच आला, तर त्याला वाढलेलं बीपी म्हणायचं. वरचा १६० किंवा खालचा ११० झाला किंवा त्याच्या पुढे गेला तर ती इमर्जन्सी, त्यात उद्या बघू असं नसतं.

आता यात प्रकार आहेत. काहीजणींना आधीपासूनच बीपी असतं, काहीजणींना २० आठवड्यांनंतर पहिल्यांदा वाढतं. आणि तिसरा प्रकार, ज्याची खरी भीती, तो प्रीएक्लॅम्प्सिया. यात बीपीबरोबर लघवीतून प्रोटीन जायला लागतं किंवा लिव्हर, किडनी, रक्तातल्या प्लेटलेट यांच्यावर परिणाम दिसतो. तो हाताबाहेर गेला तर झटके येतात.

टेन्शन घेतलं म्हणून झालं का हे?

नाही. हे मला ठळक सांगायचंय कारण यावरून बायकांना फार बोलून घ्यावं लागतं. "सारखी रडत बसायची, म्हणून वाढलं" असं एका मुलीच्या तोंडावर तिच्याच आईला बोलताना मी ऐकलंय आणि त्या मुलीचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे.

प्रीएक्लॅम्प्सियाची सुरुवात वारेपाशी, म्हणजे प्लासेंटापाशी होते. वार गर्भाशयात रुजते तेव्हा तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद व्हायला हव्यात, म्हणजे बाळाला भरपूर रक्त मिळतं. काहीजणींत त्या पुरेशा रुंद होत नाहीत, वारेला रक्त कमी पडतं आणि मग वारेतून असे पदार्थ आईच्या रक्तात सुटतात की तिच्या सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. म्हणजे इथे पाइप कुणी आवळलेला नाहीये, पाइपच आतून खराब होतोय. पहिलं बाळंतपण, जुळं, आधीच्या वेळी हाच त्रास, डायबिटीस, किडनीचा आजार, जास्त वजन, आई-बहिणीला झालेलं, यात शक्यता वाढते. यातलं कुठलंही तिने रडून ओढवून घेतलेलं नाही.

आणि म्हणूनच नुसतं शांत बसून प्रीएक्लॅम्प्सिया बरा होत नाही. वार बाहेर येईपर्यंत, म्हणजे बाळंत होईपर्यंत, त्याचं मूळ जागेवरच राहतं.

मग रिलॅक्सेशनचा उपयोग कुठे?

बीपीचा एक हिस्सा मात्र खरंच घडीघडीला बदलतो. भीती वाटली, घाई झाली, झोप झाली नाही की शरीरातली पळापळीची यंत्रणा चालू होते, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात. पंप जोरात आणि वर पाइपावर मूठ. सावकाश श्वास घेतला, त्यातही बाहेर सोडायचा श्वास लांबवला, की उलट दिशेची यंत्रणा कामाला लागते, ठोके उतरतात आणि ती मूठ जराशी सैल होते. रिलॅक्सेशनचं काम एवढंच.

मागे एक पाचव्या-सहाव्या महिन्यातली मुलगी तपासणीला आली, स्टॉपवरून पाखाडी चढून, हातात भरलेली पिशवी आणि उशीर झाला म्हणून धापा टाकत. बसली न बसली तोच पट्टा बांधला, आकडा आला १४८/९४. तिचा चेहराच उतरला. सिस्टरनी तिला बाथरूमला जाऊन यायला सांगितलं, मग पाठ टेकून बसवलं, पाय जमिनीला टेकवले, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवला आणि अजिबात बोलू नको म्हटलं. मी बाजूला बसून फक्त तिचा श्वास सावकाश करून घेतला. थोड्या वेळाने १३२/८४. तिचं बीपी आम्ही बरं केलं असं नाही हं, आधीचा आकडाच चुकीच्या वेळी घेतलेला होता. पण तो चुकीचा आकडा कार्डावर गेला असता तर नको ती धावपळ झाली असती. उलटही होतं बरं का, एवढं सगळं शांत करून परत मोजल्यावरही १४८ च आला तर तो आकडा खरा धरायचा आणि डॉक्टरांना "मी घाबरले होते म्हणून वाढलं" असं समजावत बसायचं नाही.

घरी मोजतानाही हेच सगळं पाळायचं. पट्टा दंडाला, तोही उघड्या दंडाला, आणि दंडाच्या मापाचा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा उगाच जास्त दाखवतो. मनगटाच्या मशीनवर मी तरी विसंबणार नाही.

याला शास्त्राचा आधार आहे का?

आहे, पण जेवढा आहे तेवढाच सांगते. १९६९ साली मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शवासनाचा बीपीवर काय परिणाम होतो ते पेशंटवर तपासून छापलं होतं, आणि बऱ्याच जणांचं बीपी उतरलं किंवा गोळ्यांचा डोस कमी करता आला असं त्यात दिसलं. आपल्याच मातीतलं काम आहे म्हणून मला त्याचं कौतुक वाटतं, पण ते पेशंट गरोदर बायका नव्हत्या. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी निरोगी माणसांना माळेवरची प्रार्थना आणि मंत्र म्हणायला लावले, तर श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि बीपी सांभाळणारी शरीराची आतली यंत्रणा जास्त चपळ झालेली दिसली. संध्याकाळी दिवा लावून सावकाश जप करणारी आजी नकळत हेच करत असते. पण तीही गरोदर नाही.

बीपी असलेल्या गरोदर बायकांवरचे अभ्यास छोटे छोटे आहेत. २०१० मध्ये कॅनडातला एक छापून आला, त्यात डोळे मिटून मनात शांत जागा बघायचा सराव दिलेल्या बायकांचं बीपी नुसता आराम करणाऱ्यांपेक्षा जरा कमी वाढलेलं दिसलं, पण कितवा आठवडा चालू आहे त्याचा हिशोब धरल्यावर तो फरक ठाम म्हणावा असा उरला नाही. म्हणजे आकड्यावरचा परिणाम थोडासाच. झोप लागणं आणि धडधड कमी होणं हे मात्र मला क्लासमध्ये बायकांकडून सारखं ऐकू येतं, आणि शेवटचे दोन-तीन महिने भीतीत काढणाऱ्या बाईला ते लहान नाही.

करायचं कसं

पहिला श्वास. पडवीत भिंतीला किंवा खुर्चीला पाठ टेकून बसा, जेवल्याजेवल्या नको. नाकाने श्वास आत घेताना मनात ४ मोजा, सोडताना ६ मोजा. दहा सेकंदांचा एक श्वास, मिनिटाला सहा. पोट मोठं झालं की एवढा लांब श्वास पुरत नाही, मग ३ आणि ४ मोजा, बाहेरचा आतल्यापेक्षा लांब राहिला म्हणजे झालं. मध्ये श्वास रोखायचा नाही. गरगरलं, ओठांना मुंग्या आल्या तर तुम्ही जरुरीपेक्षा जोरात श्वास घेताय, सोडून द्या आणि नेहमीसारखा श्वास चालू द्या. दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, एवढं पुष्कळ. मोजायचा कंटाळा येत असेल तर श्वास सोडताना भ्रामरीसारखं हलकं गुणगुणा, श्वास आपोआप लांबतो.

दुसरा प्रकार स्नायू सैल करण्याचा. शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी शंभरेक वर्षांपूर्वी तो बसवला. कल्पना साधी आहे, आपण कुठे आवळून बसलोय हे आपल्याला कळतच नाही, म्हणून आधी मुद्दाम थोडं आवळायचं आणि मग सोडायचं, म्हणजे सैल म्हणजे काय ते अंगाला समजतं. डाव्या कुशीवर झोपा, पोटाखाली एक उशी आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये एक. जुनं लुगडं गुंडाळून ठेवलंत तरी चालेल. हाताची मूठ हलकी वळा, पाच मोजा, सोडा, आणि सोडल्यावर हात जड होतोय तो दहा-पंधरा सेकंद नुसता जाणवू द्या. मग दुसरा हात, मग खांदे कानाकडे उचलून सोडा, मग कपाळ, मग दात. बहुतेक जणींचे दात घट्ट आवळलेले असतात आणि हे पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हा त्या हसतात. आवळायचं ते निम्म्या जोराने, आणि श्वास चालू ठेवून, कारण श्वास रोखून जोर लावला तर त्या वेळेपुरतं बीपी वरच जातं. पोटरी अजिबात आवळू नका, गरोदरपणात गोळा यायला वेळ लागत नाही. पोटही नाही.

तिसरं म्हणजे योगनिद्रा किंवा मनातली शांत जागा. कुणाच्या तरी सावकाश आवाजात ऐकत पडायचं. रेकॉर्डिंग नसेल तर नवऱ्याला मुंबईहून स्वतःच्या आवाजात करून पाठवायला सांगा, घाई न करता, "आता उजवा हात सैल सोड, आता खांदा" एवढं बोलला तरी पुरे. एकीला समुद्र बघून शांत वाटतं, दुसरीचा नवरा मच्छीमारीला जातो, तिला समुद्राचा आवाज ऐकला की पोटात गोळा येतो. तिने परसातली आंब्याची सावली बघावी. जिची तिची जागा.

हे मात्र करू नका

विसाव्या आठवड्यानंतर उताणं झोपून शवासन नको. गर्भाशयाचं वजन पाठीच्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतं, हृदयाकडे रक्त कमी परत जातं, गरगरतं आणि बाळाकडे जाणारं रक्तही कमी होतं. कुशीवरच. कपालभाती, भस्त्रिका, कुंभक म्हणजे श्वास रोखून धरणं, डोकं खाली करायची आसनं बंद. कुठलाही काढा किंवा झोपेची गोळी डॉक्टरांना न विचारता नको, "आयुर्वेदिकच आहे" म्हणूनही नको.

गोळीने बाळाला त्रास नाही का होणार?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारते आणि तो रास्त आहे. गरोदरपणात लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथिलडोपा ही औषधं बरीच वर्षं वापरात आहेत आणि डॉक्टर त्यातलंच काही देतात. काही बीपीच्या गोळ्या बाळाला खरंच घातक आहेत, एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन या जातीच्या, म्हणून ज्यांना आधीपासून गोळी चालू आहे त्यांनी दिवस राहिल्याचं कळल्याबरोबर डॉक्टरांना गाठायचं, मनाने बंद करायची नाही आणि मनाने चालूही ठेवायची नाही, आणि सासऱ्यांची गोळी तर कधीच घ्यायची नाही. आधीपासून बीपी असलेल्या सुमारे २४०० गरोदर बायकांचा अमेरिकेतला मोठा अभ्यास २०२२ मध्ये आला, त्यात सौम्य बीपीलाही गोळी देऊन ते १४०/९० च्या खाली ठेवलं तर गंभीर प्रीएक्लॅम्प्सिया आणि फार लवकरची बाळंतपणं कमी झाली आणि बाळं काही जास्त बारकी निपजली नाहीत.

श्वासाने आकडा छान येतोय म्हणून गोळी सोडणाऱ्या बायकांची मला सगळ्यात काळजी वाटते. आकडा छान येतोय तो बहुतेक गोळीमुळेच.

मग दिवसभर पडूनच राहू का?

नको. पूर्ण बेडरेस्टने बीपीच्या त्रासात फायदा होतो असं दिसलेलं नाही, जागतिक आरोग्य संघटनाही ती सरसकट देऊ नका म्हणते, आणि सतत पडून पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती वाढते. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर सकाळी उन्हाआधी सपाटीवर चालणं चांगलं. मीठ एकदम तोडायचीही गरज नाही, घरात सगळ्यांसाठी करता ते जेवण जेवा, फक्त सुकट, खारवलेला बांगडा, मिठातली कैरी, पापड हे रोज पानात नको. कॅल्शियमची गोळी मात्र चुकवू नका, आहारात कॅल्शियम कमी असणाऱ्यांना ती प्रीएक्लॅम्प्सियापासून वाचवायला मदत करते. लोहाच्या गोळीबरोबर एकत्र घेऊ नका, दोन वेगळ्या वेळा ठेवा. ज्यांना धोका जास्त त्यांना डॉक्टर कमी डोसची ॲस्पिरिन तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून देतात, ती रक्त पातळ करते म्हणून घाबरून बंद करू नका, विचारा.

घरच्यांनी हे वाचावं

दहा मिनिटं श्वास घे म्हणून सांगणं सोपं आहे, ती दहा मिनिटं तिला कोण देणार ते ठरवा. मे महिन्यात विहीर आटली की हंडे कोण आणतं? गणपतीत चाकरमानी आले की वीस माणसांच्या भाकऱ्या कोण थापतं? एका घरी मी सासूबाईंना विचारलं, काकू, हिला दुपारी अर्धा तास दार लावून झोपू द्याल का? त्या म्हणाल्या, "मी कुठे नाही म्हणते, तीच उठते." मी म्हटलं, मग तुम्हीच दार लावा. त्यांनी खरंच लावायला सुरुवात केली, आणि दारात बसून कुळीथ निवडायच्या, म्हणजे कुणी हाक मारायला आत जाऊ नये. माझ्या मते त्या घरात सगळ्यात चांगलं रिलॅक्सेशन काकूंनीच केलं.

दुसरं, आपल्याकडे सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून मुलगी माहेरी जाते, आणि बीपी वाढायचा काळ नेमका तोच. डॉक्टर बदलतात, फाइल सासरी राहते, मधले पंधरा दिवस कुणीच मोजत नाही. तिच्या बॅगेत साडीच्या आधी फाइल, माता-बाल कार्ड आणि गोळ्यांची पाकिटं जाऊ देत, आणि माहेरच्या आशाताईंना आधी फोन जाऊ दे.

इथे श्वास मोजत बसायचं नाही

डोकं असं दुखतंय की थांबतच नाही. डोळ्यासमोर अंधारी, काजवे, धुरकट दिसणं. छातीच्या खाली उजवीकडे पोटात दुखणं, ज्याला आपण पित्त समजून जिरं-पाणी घेत बसतो. चेहरा आणि हात एकदम सुजणं, बांगडी अंगठी रुतणं. लघवी कमी होणं, दम लागणं, बाळाची हालचाल कमी होणं. यातलं एकही असेल तर आकडा काही असो, १०२ किंवा १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठायचा. पावसात दरड कोसळून रस्ता बंद होतो, म्हणून बीपी असलेलीने कुठल्या रस्त्याने कुठल्या हॉस्पिटलला जायचं ते जूनच्या आधीच ठरवून ठेवावं.

झटके आले तर ती बाहेरची बाधा नव्हे. देवाला गाऱ्हाणं घाला, माझी त्याला हरकत नाही, पण तोपर्यंत गाडी निघालेली असू दे. तिला कुशीवर करा, तोंडात चमचा, पाणी, कांदा काही नको. दवाखान्यात मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन असतं. ते वेळेत दिलं तर पुढचे झटके रोखता येतात, आणि प्रीएक्लॅम्प्सियात झटके येण्याआधीच दिलं तर ते येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त घटते, हे २००२ साली अनेक देशांतल्या सुमारे दहा हजार बायकांवरच्या अभ्यासात दिसलं.

बाळंत झाली म्हणजे सुटली?

लगेच नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी परत वर जातं, आणि तेव्हा ती घरी आलेली असते, रात्रीची झोप नसते, पाहुण्यांची रीघ असते, डोकं दुखलं तर जागरणाने दुखतंय म्हणून कुणी बघत नाही. प्रीएक्लॅम्प्सिया बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत पहिल्यांदाही होऊ शकतो. वरची सगळी लक्षणं तेव्हाही तेवढीच गंभीर धरायची, गोळी डॉक्टर सांगतील तेव्हाच कमी करायची. श्वासाचा सराव बाळाला पाजताना छान होतो, खांदे खाली सोडून, पाठ टेकून.

ज्यांना प्रीएक्लॅम्प्सिया झालाय त्यांना पुढे वयात हृदयाचा त्रास व्हायची शक्यता इतरांच्या साधारण दुप्पट असते आणि बीपीची त्याहूनही जास्त, त्यामुळे दरवर्षी एकदा तरी बीपी मोजायचंच. सुरुवात बाळाच्या दीड महिन्याच्या डोसापासून करा, उपकेंद्रात बाळाला टोचून झालं की त्याच खुर्चीवर पाच मिनिटं शांत बसायचं आणि सिस्टरना म्हणायचं, आता माझंही बघा.